रतनवाडी ते कळसूबाई: व्यसनमुक्ती केंद्राच्या गटाबरोबर पाच दिवस

भंडारदऱ्याच्या सहलीची तारीख एरवी सुट्ट्या पाहून ठरते. व्यसनमुक्ती केंद्रातला गट न्यायचा असेल तर ती प्रत्येकाच्या केसपेपरवरून ठरवावी लागते. पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारात ही सहल चौथ्या आठवड्यात बसते, त्याआधी नाही. दारू थांबल्यावर फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो, भ्रम आणि थरथरीचा गंभीर प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दिसतो. गर्दवाल्यांची टर्की, म्हणजे नशा थांबल्यावरचा शारीरिक त्रास, आठवड्याभरात ओसरली तरी झोप आणि भूक जागेवर यायला वेळ लागतो. हा त्रास आवरायला दिलेल्या डायझेपामचा उतरता डोस संपून आठवडा झालेला असावा. तोवर माणूस चालताना दिसतो खरा, पण डोंगर चढायला तयार नसतो.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनच्या सुमाराला काजव्यांसाठी आणि पावसाळ्यात धबधब्यांसाठी इकडे जी गर्दी लोटते, तिच्या तंबूंत बाटल्या असतात. शनिवार-रविवार कुठल्याच महिन्यात नको. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. तो वास काहींना थेट गावच्या भट्टीपर्यंत नेतो, म्हणून तेही महिने टाळावेत. सोमवारी निघून शुक्रवारी परत यायचं.

गट दहा जणांचा. सोबत एक समुपदेशक, एक नर्स, डोंगरातले दोन प्रशिक्षित लीडर आणि एक जुना रुग्णमित्र, म्हणजे उपचार घेऊन निदान दोन वर्षं नशेपासून दूर राहिलेला माणूस. ड्रायव्हरलाही गटातलाच धरायचं. त्याच्या खिशातली तंबाखूची पुडी आणि रात्रीचा ‘एखादा पेग’ यांबद्दल आधीच स्पष्ट बोलून घ्यावं, कारण गाडीची किल्ली आणि बाहेरच्या जगाशी संबंध फक्त त्याच्याकडे असतो.

निघण्याआधी

निवड डॉक्टर करतात, उत्साह पाहून नव्हे. लिव्हर सिरॉसिस, पोटात पाणी, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील तर माणूस केंद्रातच राहतो. चाळिशीच्या पुढच्यांचा ईसीजी काढायचा. अपस्मार असलेल्याला शिडी आणि दोर दोन्ही बंद. मग एक साधी चाचणी: जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं. दारूने लहान मेंदूवर परिणाम झालेला माणूस सपाटीवर ठीक चालतो आणि या दहा पावलांत डगमगतो. रतनगडाच्या शिडीवर ते कळण्यापेक्षा केंद्राच्या व्हरांड्यात कळलेलं बरं.

पायांच्या नसा तपासणं तितकंच महत्त्वाचं. वर्षानुवर्षं दारू आणि थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) कमतरता यांमुळे तळपाय बधिर होतात. अशा माणसाला बूट चावल्याचं कळत नाही. फोड फुटून मोजा चिकटला तरी तो चालत राहतो आणि त्याच्या सोशिकपणाचं कौतुक होतं. नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याच्या ठरावीक जागा टोचून पाहायला पाच मिनिटं लागतात. ज्याला तंतू जाणवत नाही त्याला नेणार असाल तर सपाट टप्प्यांपुरतंच न्या आणि दर दोन तासांनी बूट काढून पाय बघा.

तीन आठवडे बसून असलेल्यांचे पाय गेलेले असतात. म्हणून आधीच्या पंधरवड्यात एक दिवसाआड पुण्यातली टेकडी: पर्वती, तळजाई, मग वेताळ टेकडी. नवे बूट तिथेच मळवायचे.

सामानाची झडती सगळ्यांची, कर्मचाऱ्यांसकट. बाटलीबंद पाण्याचं सील पाहायचं. माउथवॉश, खोकल्याचं औषध, आफ्टरशेव्ह, सॅनिटायझर बाहेर काढायचं. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं आणि डायसल्फिराम (दारू पोटात गेली की त्रास व्हावा म्हणून दिलेली गोळी) घेणाऱ्याला त्याच्या नुसत्या वापरानेही त्रास होऊ शकतो, म्हणून हात धुवायला साबणाची वडी. स्वयंपाकाला गॅस, स्पिरिटचा स्टोव्ह नाही. एक वस्तू अनुभवी ट्रेकरच्याही लक्षात येत नाही: बुटाचा सोल निघाला तर लावायला नेलेली फेविबॉन्डची ट्यूब. सोल्युशन ओढणाऱ्यासाठी तो नशाच आहे. त्याऐवजी चिकटपट्टी आणि नायलॉनची दोरी न्यावी.

प्रथमोपचाराच्या पेटीत जखमेला पोव्हिडोन आयोडीन, स्पिरिट नको. वेदनेला पॅरासिटामॉल, पण यकृत अशक्त असलेल्यांना दिवसाला २ ग्रॅमच्या वर नाही, आयब्युप्रोफेन टाळायचं. ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलम ही सवय लावणारी औषधं पेटीत ठेवूच नयेत. जो नाल्ट्रेक्सोनवर (तलफ आणि नशेचा परिणाम रोखणाऱ्या औषधावर) आहे त्याच्या गळ्यात तसं लिहिलेलं कार्ड हवं. पाय मोडला तर दवाखान्यात अफूवर्गातलं वेदनाशामक देतील आणि नाल्ट्रेक्सोनमुळे ते लागू पडणार नाही. ते आधी कळलं तर डॉक्टर दुसरा उपाय करतील. पेटीत ग्लुकोमीटर, रक्तातली साखर मोजायचं यंत्र, असावाच, त्याचं कारण दुसऱ्या दिवशी कळेल.

पहिला दिवस: पुणे ते रतनवाडी

सकाळी सातला निघायचं. आळेफाटा, बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, शेंडी असा रस्ता. थांबे धरून सहा तास. जेवण डब्यातलं, आणि थांबायचं ते पेट्रोल पंपावर किंवा झाडाखाली. नारायणगावपर्यंतच्या हायवेवर दोन्ही बाजूंना परमिट रूम आणि बिअर शॉपीच्या पाट्या आहेत. कित्येकांना प्रत्येक पाटी ओळखीची असते. गाडी शांत झाली की समजावं. तेव्हा गाणी लावून विषय बुडवू नये. समुपदेशकाने सरळ विचारावं: आत्ता दहापैकी किती? तलफ शून्य ते दहा अशी मोजायची सवय केंद्रात लागलेली असतेच. आकडा सांगितला की त्यावर भाषण नाही. तलफ बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत चढून उतरते. अर्ध्या तासाने पुन्हा आकडा विचारायचा, एवढंच.

शेंडीला वनखात्याच्या नाक्यावर पावती घ्यायची. हा सगळा टापू १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. पुढे विल्सन धरणाच्या पाण्याला वळसा घालत रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ आणि बाहेरची पुष्करणी पाहायला संध्याकाळचा तास छान जातो. मुक्काम जलाशयाच्या काठच्या तंबूंत नको, गावातल्या घरात करावा. घरच्या मावशींना आधीच सांगून ठेवायचं: पाहुणे उपचार घेत आहेत, घरात कुणाचीही बाटली दिसता कामा नये, आणि ‘थंडी आहे, थोडी घ्या’ हा पाहुणचार नको. नीट सांगितलं तर गाव फार जपतं. न सांगता गेलं आणि रात्री शेजारच्या ओसरीवरून हाक आली, तर चूक गावाची नाही.

या सहलीतली सर्वांत अवघड वाट म्हणजे संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ. रोज त्याच वेळी प्यायची सवय असलेल्या शरीराला सूर्य कललेला बरोब्बर कळतो, आणि डोंगरात त्या वेळी करायला काही नसतं. म्हणून ही वेळ कामाने भरून टाकायची: पाच वाजता चहा आणि गूळ-शेंगदाणे, मग पाणी भरणं, भाज्या चिरणं, सहाला पाय तपासणी, साडेसहाला शेअरिंगची (मनातलं बोलायची) मीटिंग, साडेसातला जेवण. पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, भात. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम डाळ धरली तर पुरतं, भाकऱ्या मात्र तीन धराव्यात. या काळात गोडाची भूक प्रचंड असते, म्हणून माणशी दोन राजगिऱ्याचे लाडू वेगळे ठेवा. शेकोटी नाही. अभयारण्यात आग लावायची नसते, शिवाय शेकोटी आणि ग्लास ही जोडी अनेकांच्या डोक्यात पक्की बसलेली आहे. मधोमध कंदील ठेवून गोल बसलं तरी बोलणं होतं.

दुसरा दिवस: रतनगड

सहाला उठून औषधं. नर्सच्या समोर, एकेकाने, बसून. ब्युप्रेनॉर्फिन ही गर्दच्या रुग्णांची गोळी जिभेखाली ठेवून पूर्ण विरघळेपर्यंत पाणी नाही, बोलणं नाही. नंतर तोंड उघडून दाखवायचं. गोळ्यांची मोजणी वहीत, दोघांच्या सह्यांनी. मग भरपूर पोहे. रिकाम्या पोटी कुणीही निघायचं नाही.

गड १२९७ मीटर उंच. रतनवाडीतून वाट प्रवरेचं पात्र ओलांडत रानात शिरते. एका फाट्यावर कात्राबाईच्या खिंडीकडे आणि हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट फुटते. लीडरपैकी एकाने तिथे उभं राहून दहा डोकी मोजावीत. गटाचा वेग सर्वांत मागच्याचा. साधे ट्रेकर तीन तासांत वर पोचतात, या गटाला चार-साडेचार धरा. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं बूड टेकून विश्रांती. पाणी माणशी तीन लिटर, त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसची पुडी. मानसिक आजारासाठी लिथियम घेणारा कुणी असेल तर त्याच्या पाण्यावर आणि मिठावर नर्सने स्वतः लक्ष ठेवावं, कारण घाम जाऊन शरीर सुकलं की रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं.

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला कुणीतरी बसतं. हात थरथरतात, घाम फुटलेला, चिडचिड. गटातले जुने खेळाडू लगेच म्हणतात, नाटक आहे, गोळी मागायची तयारी चाललीय. इथे आधी बोटाला सुई लावून साखर मोजायची. यकृतात साठा कमी असलेल्या आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाची साखर चढावर झपाट्याने खाली येते आणि ती हुबेहूब टर्कीसारखी दिसते. सत्तरच्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, मग काहीतरी खायला. यंत्र चालत नसेल तर साखर आधी, शंका नंतर.

तक्रार खरी धरायची, हा नियम केंद्रातल्या रोजच्या वागण्याच्या उलट आहे आणि म्हणून पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. व्यसनी माणूस खोटं बोलतो हे कर्मचाऱ्यांच्या अंगात भिनलेलं असतं. साहसाचं हे शिक्षण १९४१ साली वेल्समधल्या अबरडोव्हीला कुर्ट हान यांच्या ‘आउटवर्ड बाउंड’मधून सुरू झालं आणि पुढे अमेरिकेत त्याचा उपचार झाला, तेव्हा हीच सवय जीवघेणी ठरली. १९९४ साली यूटातल्या अशा एका कार्यक्रमात सोळा वर्षांच्या मुलाचा पोटातला अल्सर फुटून मृत्यू झाला. तो दिवसेंदिवस खंगत होता आणि सोबतच्या कर्मचाऱ्यांना ते सोंग वाटत होतं. केंद्रात एखाद्यावर फुकट विश्वास ठेवला तर एक गोळी वाया जाते. डोंगरात अविश्वास चुकला तर माणूस जातो. पोटदुखी, छातीत दाब, काळी संडास, पहिल्यांदाच आलेली चक्कर यांपैकी काहीही झालं तर चढ तिथेच संपतो. एक लीडर आणि नर्स त्याला घेऊन खाली, गाडी राजूरकडे. मोठं रुग्णालय लागलं तर नाशिक.

वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या येतात. एका वेळी एकच माणूस, हातात काही नाही, सॅक घट्ट. खाली पाहून गोठलेल्याला वरून ओरडून धीर देऊ नये, त्याच्या खालच्या पायरीवर लीडरने जाऊन पाय कुठे ठेवायचा एवढंच सांगावं. गणेश दरवाजा, मग रत्नादेवीची गुहा. नेढ्यापर्यंत (कड्यातल्या आरपार भोकापर्यंत) जायचं की नाही ते घड्याळ ठरवतं: दुपारी एकनंतर वर सरकायचं नाही. नेढ्यात वारा जोरात असतो आणि दोन्हीकडे उतार आहे, तिथे बसायचं तर मधोमध. आग्या मोहोळं कड्यांना लटकलेली दिसतात, म्हणून अत्तर, डिओ आणि बिडी बंद. तंबाखूचा प्रश्न आधीच मिटवावा. सहलीतच तीही सोडवण्याचा अट्टहास केला तर भांडणं होतात. ज्याला निकोटीनची गोळी ठरवून दिली आहे त्याला ती वेळेवर द्या.

उतरताना गुडघे आणि मांड्या जातात. बहुतेक घसरणी शेवटच्या तासात, सपाटी दिसायला लागल्यावर होतात.

तिसरा दिवस: साम्रद, सांदण दरी

हलका दिवस. गाडीने साम्रद, तिथून चालत दरीचं तोंड. डिसेंबरात सुरुवातीच्या डोहांत पाणी असतं, कधी गुडघ्याएवढं, कधी कमरेच्या वर. गावातल्या वाटाड्याला आदल्या दिवशी विचारून ठेवावं. बधिर पायांच्या माणसाला पाण्याखालचे दगड कळत नाहीत, त्याला काठी आणि शेजारी एक माणूस. पहिल्या मोठ्या टप्प्यापर्यंत जाऊन परत फिरायचं. पुढे दोर लावून कोकणात उतरणारी वाट या गटासाठी नाही. मधेच कुणाला काही झालं तर मागे फिरता येत नाही.

दोराचं काम वर, साम्रदजवळच्या तीस-चाळीस फुटी कातळावर. लीडर दोराच्या कामाचे प्रशिक्षित असावेत आणि जी संस्था त्यांना पाठवते तिची महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी असावी. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन अँकर (दोर बांधायचे पक्के आधार), उतरायला ११ मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा रोप आणि त्याशिवाय प्रत्येकाला वरून बिलेचा, म्हणजे घसरलाच तर धरून ठेवणारा स्वतंत्र रोप. हेल्मेट, हातमोजे, स्क्रू असलेले कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या). या लोकांच्या हाताला महिनाभराने सुद्धा बारीक कंप असतो, स्क्रू अर्धवट बसतो. म्हणून हार्नेसचं (कमरेच्या पट्ट्याचं) बकल आणि कॅराबिनर लीडरने हाताने ओढून तपासायचे, नुसतं ‘लावलंय का’ विचारायचं नाही. बिले लीडरच देणार. रुग्णमित्राच्या हातात दोर द्यायचा तर फक्त मागचा, राखीव म्हणून.

नाही म्हणणाऱ्याला उतरवायचं नाही. त्याला दोर गुंडाळण्याचं काम द्या. गटासमोर ‘मला भीती वाटते, मी करणार नाही’ असं स्वच्छ शब्दांत सांगता आलं, तर तो दिवसातला मोठा सराव आहे. उद्या मित्र आग्रह करतील तेव्हा हेच वाक्य लागणार आहे. मात्र हे त्याला तिथे उलगडून सांगत बसू नये. दोर म्हणजे विश्वास, कडा म्हणजे आयुष्य असली प्रवचनं दिली की लोक मान डोलावतात आणि कान बंद करतात.

दुपारी एकांत: पाऊण तास, एकमेकांपासून पन्नास पावलांवर, लीडरच्या नजरेत. वही, पेन, शिटी. तीन शिट्या म्हणजे मदत. आत्महत्येचे विचार नुकते बोलून दाखवलेल्याला किंवा भास होऊन गेलेल्याला एकटं बसवायचं नाही, तो समुपदेशकाबरोबर चालायला जातो. घरच्यांना पत्र लिहा असं सांगितलं तर बहुतेक पत्रं माफीची येतात. त्यापेक्षा प्रश्न नेमका द्यावा: घरी पोचल्यावर पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ काय करणार? ज्याच्या कागदावर ‘टीव्ही बघेन’ एवढंच असतं त्याच्याशी रात्री पुन्हा बोलावं लागतं.

चौथा दिवस: बारी, कळसूबाई

१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढ, साधारण ९०० मीटर उंची. पहाटे साडेपाचला चालायला लागायचं तर चारला उठावं लागतं, आणि औषधांची चूक होते ती इथेच. घाईत गोळी गाडीत दिली जाते, वर पाणी प्यायलं जातं, ती नीट लागू पडत नाही. दुसऱ्या दिवशी जांभया, नाक गळणं, अंगदुखी सुरू होते आणि सगळे थंडी-थकव्याला दोष देतात. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, औषध बसूनच.

वाट मळलेली, अवघड जागी शिड्या. वाटेत चहा-सरबताच्या टपऱ्या आहेत आणि तिथे तंबाखू, बिडीही मिळते; पैसे फक्त समुपदेशकाकडे. माकडं सॅक उघडतात, म्हणून औषधाची पिशवी नर्सच्या अंगाला बांधलेली. चार तासांत बहुतेक पोचतात.

वर देवीचं छोटं देऊळ, चौफेर डोंगर, फोटो. आणि नेमकं इथे कुणीतरी गमतीत म्हणतं, आता पार्टी पाहिजे. दुःखात प्यायची सवय सगळ्यांना ठाऊक असते, पण यशाची तलफ अनेकांना चकवते. पगार, लग्न, मॅच जिंकणं, गड सर होणं: डोक्यात सगळ्याचा शेवट एकाच ठिकाणी. त्या वाक्यावर हसून पुढे जाऊ नये. तिथेच दहा मिनिटं बसून आकडे विचारायचे. साताच्या वर आकडा सांगणारा उतरताना जुन्या रुग्णमित्राच्या जोडीला. मग लाडू वाटायचे, गोड खाऊन साजरं करायची सवय लागली तर चांगलीच.

संध्याकाळी बारीत पाय तपासणी नेहमीपेक्षा सावकाश. आज फोड असणारच.

पाचवा दिवस: परत

गाडी केंद्रात येते, घरी नाही. या बाबतीत सवलत देऊ नये. सहल संपल्यावर निदान आठवडा केंद्रात काढायचा, कारण दोन-तीन दिवसांनी मन कोसळतं: डोंगर गेला, तेच वॉर्ड, तीच भाजी. स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे डिस्चार्ज मागायचा अधिकार आहे आणि हा अर्ज बहुतेकदा याच दिवसांत येतो, ‘आता मी ठणठणीत आहे’ म्हणत. चार दिवस डोंगर चढल्याने व्यसन सुटत नाही. त्याने माणसाला स्वतःच्या शरीराचा थोडा भरवसा येतो आणि समुपदेशकाला एरवी वॉर्डात न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: कोण उपाशी असताना भडकतो, कोण मदत मागतच नाही, कुणाची संध्याकाळ जड जाते. त्या नोंदी केसपेपरवर चढल्या नाहीत तर पाच दिवसांची नुसती सहल झाली.

आल्याआल्या गोळ्यांची शेवटची मोजणी वहीशी ताडून पाहायची, पुन्हा सामानाची झडती, तळपायांची तपासणी आणि वजन. दोन दिवसांनी गटाची बैठक. त्याच आठवड्यात घरच्यांना बोलवून एक गोष्ट स्पष्ट सांगायची, विशेषतः गर्द किंवा गोळ्यांच्या रुग्णाच्या घरी: महिनाभर थांबल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचाच डोस पुन्हा घेतला तर श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली, तर आरडाओरडा करून त्याला खोलीत एकटं कोंडू नका. श्वास मंद किंवा ओठ निळे दिसले तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, इतर वेळी केंद्राला किंवा १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनला. हे तीनही नंबर फ्रीजच्या दारावर चिकटवून मगच डिस्चार्जची तारीख ठरवावी.